होब नेस्टर आणि पाच पौंड हवा

होबर्ट नेस्टरबद्दल मला फार थोडं माहीत आहे. अकरा वर्षं दर शनिवारी मी त्याच्या हाताखाली टायर ढकलले, त्याच्याच डब्यातला मक्याचा पाव खाल्ला, आणि तरी त्याला लहानपणी मधमाश्या पाळायचा नाद होता हे मला कळलं ते त्याला मूठमाती देताना, पाद्रीबुवांच्या तोंडून. त्याच्या थोरल्या भावाचं नाव मला आजही ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही, आणि न विचारता सांगणाऱ्यांतला तो नव्हता.

तेव्हा हे लिहायला मी योग्य माणूस नाही. मला लिहायची सवयही नाही. कारखान्यात चाळीस वर्षं खुर्च्यांचे पाय घासले, लिहिलं ते फक्त हजेरीवर नाव. पण गेल्या महिन्यात आमच्या पायनी फोर्क ट्रॅकला साठ वर्षं झाली म्हणून ट्रॅकच्या ऑफिसने एक गुळगुळीत पुस्तिका छापली आणि तिकिटाबरोबर फुकट वाटली. मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून ती चाळत होतो. एकेचाळिसाव्या पानावर लोनी पकेटच्या चेपलेल्या पिकअपचा फोटो आहे. खाली लिहिलंय, "टायरवाल्याच्या चुकीने एका उमद्या ड्रायव्हरची कारकीर्द संपली."

न्हावी म्हणाला, "मान हलवू नको, आर्लिस, कान कापला जाईल."

म्हटलं, काप.

ज्याने कोणी ते वाक्य लिहिलं त्याने कुणाला एक फोन केला नाही. होब मेला, आता त्याच्याबद्दल काहीही छापलं तरी चालतं, असं त्याला वाटलं असेल. मी ऑफिसात गेलो. तिथली पोरगी गोड हसली आणि म्हणाली, "काका, पुस्तिका छापून झाली ना आता." म्हणून हे लिहितोय. राग शांत झाल्यावर लिहावं, असं बायको म्हणाली. तो शांत व्हायची वाट बघितली तर मीही एकेचाळिसाव्या पानावर जाईन.

होबचं चौरस्त्यावर टायरचं छोटं दुकान होतं. दोन पंप, एक जॅक, कोपऱ्यात कोळशाची शेगडी आणि तिच्यावर कायम उकळणारी कॉफी. आमच्या भागात नवरा गाडी विकत घ्यायचा, पण तिचे टायर बायको होबकडून बघून घ्यायची, अशी त्याची पत होती. लेकरं मागे बसवून डोंगर उतरायचा असेल तर आधी होबकडे जायचं. तो चाकाभोवती एक फेरी मारायचा, बुटाने एकदा ढोसायचा आणि म्हणायचा, "जा." किंवा म्हणायचा, "नको जाऊ." त्या एका शब्दावर लोक घाट उतरत. त्याच्यापाशी दुसरी काही दौलत नव्हती. जे होतं ते हेच, की होब 'जा' म्हणाला म्हणजे जायचं. आणि तेच त्याच्याकडून काढून घेतलं.

शनिवारी आम्ही दोघं शर्यतीत टायर सांभाळायचो. संघ आमच्या कारखान्याच्या मालकाचा होता. ड्रायव्हर लोनी पकेट, इथलाच, सव्वीस वर्षांचा, चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसणारा. पिकअप ट्रकांची देशभर फिरणारी मोठी शर्यत तेव्हा नवी होती, दुसरंच वर्ष. आमचा ट्रॅक अर्ध्या मैलाचा, अंड्यासारखा लांबट. त्यावर छत्तीस पिकअप एकदम सुटले की घागरीत छत्तीस गांधीलमाश्या सोडल्यासारखं व्हायचं. वळणं सगळी डावीकडेच, त्यामुळे सगळा भार उजव्या बाजूच्या पुढच्या चाकावर. ते चाक गेलं की स्टीअरिंग कुठेही फिरवा, समोर भिंतच.

असल्या छोट्या ट्रॅकवर मध्येच थांबून टायर बदलायला जागा नव्हती. म्हणून त्या वर्षांत शंभर फेऱ्या झाल्या की दहा मिनिटांचं मध्यंतर असायचं. सगळे पिकअप एका रांगेत उभे राहायचे, ड्रायव्हर उतरून पाणी प्यायचे, आणि आम्ही त्या दहा मिनिटांत चारही चाकं बदलून, हवा बघून, लागेल तिथे हातोडा मारून गाडी पुन्हा तयार करायचो.

होबची एक पद्धत होती. टायरमधली हवा तो पहाटे बघायचा, उजाडायच्या आधी, गार असताना. आकडा पिवळ्या खडूने टायरवर लिहायचा. मग टायर ट्रेलरच्या सावलीत उभे करून त्यांच्यावर ओलं लष्करी कांबळं टाकायचा. दिवसभर कुणी त्या कांबळ्याला हात लावायचा नाही. मी एकदा त्यावर जेवणाचा डबा ठेवला तर म्हणाला, "आर्लिस, तुझ्या बायकोच्या अंथरुणावर मी बूट ठेवतो का?"

आणि दुसरं, ऊन खाल्लेल्या टायरची हवा तो कधीही सोडायचा नाही. टायर काळा, उन्हात तापला की आतली हवा फुगते, हवा मोजायचं गेज जास्त दाखवतं. पण ती फुगलेली हवा सोडली तर खरी हवा कमी होते. मग भाराने टायरची कड दुमडत राहते, आतून जळते, आणि वीस-तीस फेऱ्यांनी फुटते. यात काही मोठं शास्त्र नाही. आमच्याकडे शाळा सोडलेल्या माणसालाही हे कळायचं.

कळलं नाही ते लेन प्रुएटला. तो आमचा मुख्य मिस्त्री. त्या वसंतात मालकाने त्याला शार्लट शहरातून आणला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं, हातात छापील कागद. कोणत्या चाकात किती हवा ते कागदावर. मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही, असं मी सतरा वर्षं म्हणत आलो. आता म्हणतो. वाईट माणूस होता.

शहाण्णवचा सप्टेंबर. दोन वाजता शर्यत सुरू झाली. होब आतल्या मैदानात, तिसऱ्या वळणापाशी, घड्याळ घेऊन बसला होता. लोनीचे टायर किती झिजतात ते तो तिथून नजरेने मोजायचा. ट्रेलरपाशी मी एकटा. तेवढ्यात टीव्हीवाले आले. प्रुएटची मुलाखत घ्यायची होती, आणि त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं.

"आर्लिस, हे टायर जरा पलीकडे घे," प्रुएट म्हणाला. "सावली पाहिजे इथे."

"होबला विचारून..."

"होब मुलाखत देणार आहे का? दहा मिनिटं, बाबा. मग परत ठेव."

मी कांबळं काढलं, घडी केली, आणि बदलायचे चार आणि राखीव चार असे आठही टायर उन्हात नेऊन ठेवले. मुलाखत झाली. मग दुसरा कॅमेरा आला. मग मालक आपल्या पाहुण्यांना घेऊन आला आणि सगळे त्याच सावलीत खुर्च्या टाकून बसले. मालकाला उठा म्हणायची माझी छाती झाली नाही. टायर तिथेच राहिले, तासभर.

मध्यंतर झालं. लोनी चौथा होता. आम्ही टायर ढकलत रांगेपाशी आणले. होब मैदानातून धावत आला, पहिल्या टायरवर तळवा ठेवला आणि तव्यावरून काढावा तसा काढला.

"हे उन्हात होते."

प्रुएटने घड्याळात बघितलं.

"मी विचारतोय, माझे टायर उन्हात कुणी ठेवले?"

"आठ मिनिटं राहिलीत, म्हातारबा," प्रुएट म्हणाला. "गेज लाव."

होबने गेज लावलं. "उजवीकडे छत्तीस."

"कागदावर एकतीस आहे. पाच सोड."

"नाही सोडणार."

"काय म्हणालास?"

"पहाटे हे एकतीसच होते. हा बघ खडू. वरचे पाच उन्हाचे आहेत. ते टायर गार पडले की आपोआप जाणार. तू आत्ता पाच सोडलेस तर उन्हाचे नाही जायचे, माझे जातील."

"छत्तीस म्हणजे छत्तीस. गेजला ऊन-सावली कळत नाही."

"म्हणून तर गेजला पगार देत नाहीत, साहेब."

जॅकवाला हसला. शेजारच्या संघातले दोघं हसले. प्रुएटची मान लालबुंद झाली. मला आजही वाटतं, तो हसण्याचा आवाज झाला नसता तर प्रुएटने ऐकलं असतं. माणूस चुकीचा असला तरी वळतो, पण चारचौघांत हसं झालेला माणूस वळत नाही.

"जुनेच टायर ठेव मग," होब म्हणाला. आता तो जरा खाली आला होता. "झिजलेत, पण खरे आहेत. लोनी पाचवा-सहावा येईल. घरी तरी येईल."

लोनी तिथेच उभा होता, पाण्याची बाटली तोंडाला लावून. त्याने प्रुएटकडे बघितलं, होबकडे बघितलं, आणि म्हणाला, "मला काय, तुम्ही द्याल ते मी चालवतो." सव्वीस वर्षांचा होता. मालक दहा हातांवर उभा होता. तो तरी काय बोलणार.

प्रुएट माझ्याकडे वळला. "आर्लिस, तू सोड."

होबने माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही, मान हलवली नाही, नुसतं बघितलं. मी गुडघ्यावर बसलो आणि झडप दाबली. पाच पौंड हवा जायला अकरा सेकंद लागतात. पुढच्या चाकाची अकरा, मागच्याची अकरा. गरम रबराचा वास बोटांना लागला.

होबर्ट नेस्टरने हवा सोडली नाही. हवा मी सोडली. मी, आर्लिस टर्मन, राहणार मिल रोड. पुस्तिकेवाल्यांनी पुढच्या वेळी हे छापावं.

शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा ढग आले होते आणि वारा गार झाला होता. लोनी तिसरा आला, मग दुसरा. प्रुएटने होबकडे बघून कागद हलवून दाखवला. होब भिंतीला टेकून तोंडाने फेऱ्या मोजत होता. "अठरा. एकोणीस." मी म्हटलं, "होब, जातंय की नीट." तो म्हणाला, "तोंड मिट." एकतिसाव्या फेरीला, तिसऱ्या वळणावर, उजवीकडचा पुढचा टायर बंदुकीसारखा फुटला. पिकअप वळला नाही. सरळ गेला. सिमेंटच्या भिंतीत.

लोनीचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गेला. पत्रा कापून त्याला बाहेर काढायला बचाववाल्यांना चाळीस मिनिटं लागली. ट्रॅकवर शेंगदाण्याची टरफलं आणणं आमच्यात अपशकुनी मानतात, तर काही शहाणे लोक तेव्हा आमच्या जागेत टरफलं शोधत फिरत होते. मी त्यांच्यातल्या एकाला ढकलून दिलं. आयुष्यात मी कुणाला ढकललेलं तेवढं एकच.

आणि अॅम्ब्युलन्स फाटकातून बाहेरही पडली नव्हती, तेव्हा प्रुएट कॅमेऱ्यासमोर उभा होता. टोपी काढून, पडेल आवाजात. "आमच्या टायरवाल्याकडून हवेचा अंदाज चुकला. चांगला माणूस आहे, पण वय झालंय. आम्ही बदल करू." चांगला माणूस आहे, म्हणाला! मी सहा हातांवर उभा होतो. होब माझ्या शेजारी. मला वाटलं, आता होब बोलेल. होबला काय वाटलं असेल ते मला सतरा वर्षांनी कळलं.

सोमवारी मालकाने होबला येऊ नको म्हणून निरोप पाठवला. मला काही पाठवला नाही. मंगळवारी मी कारखान्यात नेहमीसारखा खुर्च्यांचे पाय घासत होतो. कारखाना मालकाचा, घराचं भाडं पगारातून, धाकटीच्या दाताला तारा बसवायच्या होत्या. ही माझी कारणं. लिहिल्यावर किती लहान दिसतात.

थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, नोव्हेंबरात, होबच्या दुकानासमोर गाड्या दिसेनाशा झाल्या. कुणी भांडायला आलं नाही, बोल लावला नाही. लोक फक्त चार मैल पुढे जाऊन दुसरीकडे टायर बसवू लागले. एका बाईने हार्डवेअरच्या दुकानात, माझ्यासमोर, शेजारणीला हळूच म्हटलं, "लेकरं बसतात गं गाडीत." मी तिथेच अर्धा पौंड खिळे विकत घेत उभा होतो. खिळे घेतले आणि घरी आलो. फेब्रुवारीत होबने पंप विकले आणि कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवायला लागला.

आता मे महिन्यातल्या रविवारचं सांगतो. शर्यतीपेक्षा मला त्याचाच जास्त राग आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षातून एकदा पाय धुण्याचा रविवार असतो. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस झाला की बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, बुटमोजे काढून बाकांवर बसतात. एक जण कमरेला लांब पंचा बांधतो, घंगाळ घेऊन दुसऱ्यासमोर गुडघे टेकतो, त्याचे पाय धुतो, पुसतो, उठून मिठी मारतो आणि पंचा त्याच्या हाती देतो. मग तो पुढच्याकडे जातो. कुणी कुणाचे धुवायचे हे ठरलेलं नसतं. पण ज्याच्याबद्दल मनात अढी असेल त्याच्यापुढे आधी जाऊन बसायचं, अशी जुनी रीत. वर्षभर न बोललेले भाऊ त्या दिवशी रडताना मी पाहिलेत.

होब दुसऱ्या बाकाच्या टोकाला बसला होता. पँट दोन घड्या वर दुमडलेली, पांढरे पाय फरशीवर. बायकांच्या बाजूला पहिल्याच बाकावर लोनीची आई. तिने होबकडे पाठ केली नव्हती. सरळ बघत होती, कोण त्याच्यापुढे वाकतो ते बघायला. आम्हा सगळ्यांना ते डोळे दिसत होते.

घंगाळ फिरत होतं. अकरा पुरुष. प्रत्येक जण होबच्या पुढून जायचा. त्याच्या डावीकडच्याचे पाय धुतले गेले, उजवीकडच्याचे धुतले गेले. मग म्हाताऱ्या हार्लेसने माझे धुतले आणि पंचा माझ्या हातात दिला.

होब माझ्यापासून तीन पावलांवर होता. डावीकडे. त्याने माझ्याकडे बघितलं. मध्यंतरात बघितलं होतं तसंच.

मी उजवीकडे वळलो.

मी कुणाचे पाय धुतले ते मला आठवत नाही. मागून होबचा आवाज आला, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असा. "पाणी गार झालेलं दिसतंय, भावांनो. उगाच तुम्हाला सर्दी व्हायची." मग त्याने मोजे घातले, सावकाश, एक मग दुसरा, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि तो निघून गेला. वेल्मा, त्याची बायको, बायकांच्या बाजूने उठली आणि ओल्या पायांनी त्याच्या मागे गेली. बूट हातात घेऊन. ती दोघं परत कधी चर्चला आली नाहीत. पाद्रीबुवांनी नंतर प्रार्थनेत सांगितलं, प्रभू होबर्टचं मन मऊ करो. होबर्टचं!

प्रुएटचं काय झालं, हे लोक मला विचारतात. त्याचं चांगलंच झालं. दोन वर्षांत मोठ्या संघात गेला. परवा टीव्हीवर कुणाला तरी हवेबद्दल समजावून सांगत होता. मी बंद केला टीव्ही.

लोनीचंही इथेच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी होबचंच बोलणं राहील. लोनी शाळेची बस चालवतो, उजव्या पायाने. होब गेल्यावर आठवड्याने मी बस डेपोत गेलो. बस रिकामी होती. मी पायरी चढून सांगितलं, लोनी, त्या दिवशी होब नाही म्हणाला होता, हवा मी सोडली.

"मी तिथेच होतो, आर्लिस," तो म्हणाला. "मी पाणी पीत होतो. मला डोळे होते."

"मग तू कधी..."

"आईला कोणीतरी पाहिजे होतं राग करायला. मला वाटलं, होब सांगेल. नाहीतर तू सांगशील." त्याने इंजिन सुरू केलं. "उतर. मला साडेसातला पोरं घ्यायचीत."

मी उतरलो. म्हणजे तिघांना माहीत होतं. प्रुएट धरून चौघांना, आणि तेव्हा हसलेले तिघं वेगळेच. आणि सगळ्या तालुक्याला मात्र दुसरंच.

होबकडे मी शेवटचा गेलो तो गेल्या ऑक्टोबरात. त्याची छाती गेली होती. कोंबडीखाद्याची धूळ, डॉक्टर म्हणाले. व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचा लोखंडी बाटला. मी पायरीखालीच थांबलो.

"वर ये," तो म्हणाला. "खाली उभा राहून बोलायला तू काय विमा विकतोस?"

मी वर जाऊन बसलो. मग मी म्हटलं, "होब, ती हवा मी सोडली होती."

"मला काय सांगतोस? मी तिथेच उभा होतो की."

"मी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "हवं होतं."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे. आमच्याकडे मरायला टेकलेला माणूस तसंच म्हणतो. होब म्हणाला नाही. त्याने नळी नीट केली, आणि मग जे बोलायला लागला ते थांबत थांबत, श्वास घेत घेत, पण एकही शब्द न गिळता.

"पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आर्लिस येईल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, त्याची दुपारपाळी असेल. तुझ्यासाठी मी दुकानात कॉफी ठेवायचो, माहीत आहे? महिनाभर. शेवटी वेल्मा म्हणाली, येणाऱ्याची वाट बघून कॉफीचं डांबर करू नका."

"तू का नाही सांगितलंस, होब? कुणालाही?"

"मी?" तो एवढ्या जोरात म्हणाला की वेल्मा आतून दारात आली. "माझ्याच घरात चोरी, आणि चोर कोण ते मीच गावभर ओरडत फिरू? आणि ओरडलो असतो तर काय म्हणाले असते? म्हातारा आता त्या बिचाऱ्या आर्लिसवर ढकलतोय. तू बिचारा आहेस ना सगळ्यांचा. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. एकाने विचारलं नाही. तीस वर्षं माझ्या शब्दावर घाट उतरले लेकाचे, आणि एकाने दारात येऊन विचारलं नाही, होब, खरं काय झालं?"

"तुम्ही गप्प बसा आता," वेल्मा त्याला म्हणाली.

"बसलोच होतो सतरा वर्षं."

मी म्हटलं, "मी लोनीकडे जातो. उद्याच जातो. चर्चमध्येही उभा राहून सांगतो."

"जा," तो म्हणाला. "पण मी मेल्यावर नको जाऊ. आधी जा. मेल्यावर सगळेच खरं बोलतात. त्याला काही लागत नाही."

"जातो."

त्याने माझ्याकडे बघितलं. समोरच्या रस्त्यावरून लाकडांचा एक ट्रक गेला, आम्ही दोघांनीही तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघितला. बाटल्यातून हवेचा बारीक आवाज येत होता. मग तो म्हणाला, "चालत आलास?"

"नाही. गाडी खाली लावलीय. चिखल आहे म्हणून."

"बरं केलंस. वेल्मा, याला घेवड्याच्या शेंगांची एक बरणी दे."

"नको रे होब..."

"नको काय? तिने यंदा साठ बरण्या भरल्यात, मी काय खातोय त्या? मीठ कमी आहे. डॉक्टरचा हुकूम."

वेल्माने बरणी आणून दिली. अजून गार होती तळघरातली. मी ती काखेत धरून पायऱ्या उतरलो. फाटकापाशी पोचलो तेव्हा त्याने मागून हाक मारली.

"आर्लिस!"

मी वळलो.

"बरणी परत आण."

"आणतो."

"पत्र्याचं झाकण टाकून दे, ते दुसऱ्यांदा हवाबंद बसत नाही. वरचं फिरकीचं कडं मात्र आण."

"बरं," मी म्हटलं.